पिंजऱ्यात आला तो तोच होता का?

निफाड, सिन्नर, दिंडोरी या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला बिबट्याची बातमी पेपरात वाचावी लागत नाही. सकाळी दूध घालायला डेअरीवर गेलं की ती तिथे आधीच पोहोचलेली असते. कुणाचं कुत्रं गेलं, कुणाची कालवड ओढली, रात्रीच्या लाइटीला मोटार चालू करायला निघालेल्या कुणाला बांधावर डोळे चमकलेले दिसले. मग अर्ज जातात, वनखातं पिंजरा लावतं, आतल्या कप्प्यात शेळी नाहीतर कोंबड्या ठेवतात आणि काही रात्रींनी बिबट्या अडकतो. त्याला पाहायला सगळं शिवार लोटतं. गाडी निघून गेली की लोक म्हणतात, चला, सुटलो.

आमच्या शेजारच्या मळ्यातल्या आजींची कालवड अशीच गेली होती. पिंजरा पाहून आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "आला त्यो त्योच व्हता का गं?" उत्तर कुणाकडेच नव्हतं. मी तेव्हा नाशिकला बी.एस्सी. करत होते, रोज बसने ये-जा. डीएनए आणि पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवायची पद्धत) फळ्यावर शिकून झालं होतं, पण आजींच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे हे तेव्हा सुचलं नाही. आज मी हेच काम करते. रानातल्या मार्जारकुळातल्या प्राण्यांचं जनुकशास्त्र, आणि तेही त्यांच्या संवर्धनासाठी. या क्षेत्राबद्दल मराठीत विचारणारी मुलं अलीकडे भेटू लागली आहेत, म्हणून माझा प्रवास सविस्तर लिहिते आहे.

या विषयाकडे मला ओढलं ते अमेरिकेत फ्लोरिडातल्या प्यूमांनी, म्हणजे तिथल्या मोठ्या रानमांजरांनी. शेवटच्या वर्षाच्या सेमिनारसाठी वाचताना कळलं, की १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे जेमतेम २० ते ३० प्यूमा उरले होते. नात्यातल्या नात्यात वीण होत गेल्यामुळे कुणाच्या शेपटीला टोकाशी वाक, कुणाच्या हृदयात दोष, नरांमध्ये वृषण खाली न उतरणं असे प्रकार वाढले होते. जंगल राखलं होतं, शिकार बंद होती, तरी प्राणी खंगत होता. १९९५ मध्ये टेक्सासमधून ८ माद्या आणून तिथे सोडल्या. त्यांच्या पिल्लांमध्ये हे दोष कमी दिसले आणि संख्या पुन्हा चढू लागली. म्हणजे नुसती जागा राखून भागत नाही, रक्त फिरतं राहावं लागतं.

घरी हे समजावायला मला द्राक्षबाग कामी आली. अण्णांना वाटत होतं, मुलीने एवढं शिकून कृषी अधिकारी व्हावं. मी त्यांना विचारलं, आपल्या थॉमसन द्राक्षाच्या बागेत डावणी रोग शिरला की एक वेल लागते आणि दुसरी वाचते, असं कधी होतं का? ते म्हणाले, कसं होईल, सगळ्या एकाच काडीच्या. डॉगरिजच्या खुंटावर भरलेलं प्रत्येक कलम जनुकांनी एकच असतं, त्यामुळे रोगापुढे सगळ्या बागेचं नशीबही एकच. औषध फवारून बाग वाचवता येते, रानातल्या जनावराला कोण फवारणार? त्यानंतर अण्णांनी कृषी अधिकाऱ्याचा विषय काढला नाही. पाहुण्यांना मात्र ते अजून "पोरगी बंगळुरूला बिबट्याच्या रक्ताची तपासणी करते" असंच सांगतात. रक्त आमच्या हाताला क्वचितच लागतं, पण बाकी त्यांनी बरोबर धरलं आहे.

पुढचं शिक्षण पटकन सांगते. पुण्यातून एम.एस्सी. केली. वन्यजीवशास्त्राचीच एम.एस्सी. करायची असेल तर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचं एनसीबीएस (जीवशास्त्राचं राष्ट्रीय संशोधन केंद्र) ही दोन ठिकाणं डोळ्यांसमोर ठेवावीत. हैदराबादला सीसीएमबी या पेशी आणि रेणवीय जीवशास्त्राच्या संस्थेचं लॅकोन्स हे संकटग्रस्त प्राण्यांसाठीचं केंद्र आहे. मी आधी एका प्रयोगशाळेत प्रकल्प सहायक म्हणून लागले, मग नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळवली आणि पीएच.डी.ला बसले. जेआरएफचे सध्या पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळतो.

प्रकल्प सहायकाच्या मुलाखतीत मला प्राण्यांचं प्रेम कुणी विचारलं नाही. विचारलं ते असं: "दोन नमुने आहेत. दोन्ही एकाच बिबट्याचे आहेत की दोन सख्ख्या भावांचे, हे कसं ठरवशील?" मी म्हटलं, भावांमध्ये निम्मी जनुकं सारखी निघण्याची शक्यता धरून चालायचं आणि चुकून दोघं सारखे दिसण्याची संभाव्यता नगण्य होईपर्यंत डीएनएवरच्या आणखी जागा तपासत जायच्या. उत्तर संख्याशास्त्राचं होतं. या कामात येऊ पाहणाऱ्यांना मी आधी हेच सांगते, की जंगलाची हौस टिकते, पण संभाव्यता आणि आर नावाची संगणकभाषा आली नाही तर हातातल्या नमुन्यांचं काय करायचं ते कळत नाही.

आता खरं काम. आमचा मुख्य कच्चा माल म्हणजे विष्ठा. बिबट्याला बेशुद्ध न करता, त्याला आपली चाहूलही न लागता त्याच्या पेशी मिळवायचा हाच रस्ता. अन्न आतड्यातून जाताना आतड्याच्या अस्तराच्या पेशी खरवडून विष्ठेच्या पृष्ठभागावर चिकटतात. त्यामुळे आम्हाला आतला भाग नको असतो, वरची ओलसर साय हवी असते. कापसाचा बोळा असलेली निर्जंतुक काडी तिच्यावरून फिरवायची, बफर (डीएनए टिकवून ठेवणारं द्रावण) भरलेल्या नळीत मोडून टाकायची आणि झाकण घट्ट लावायचं. नळीवर पेन्सिलनेच लिहायचं, कारण अल्कोहोलचा थेंब सांडला की पेनची शाई वाहून जाते आणि मग तो नमुना कुठला हे सांगायला कुणी नसतं.

यासाठी नाशिककडचा हिवाळा सगळ्यात चांगला. पावसात डीएनए धुऊन जातो आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात त्याचे तुकडे होतात. मार्गशीर्षात, दव पडत असतं तेव्हा, पहाटे कालव्याच्या भरावावरून निघायचं. बिबट्या माणसाच्या वाटाच वापरतो. बैलगाडीची चाकोरी, कालव्याचा भराव, दोन फडांमधला बांध. फुफाट्यात पावलं उमटलेली असली, की पुढे कुठेतरी मागच्या पायांनी माती उकरल्याची खूण दिसते आणि तिच्याशेजारी विष्ठा. पिळदार, तुकड्यातुकड्यांची, एका टोकाला निमुळती, आत केस आणि हाडांच्या कपच्या. कधीकधी कुत्र्याची नखं सापडतात. शेजारच्या अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याने खाल्लेल्या वजनापैकी सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला होता. म्हणून उसातल्या बिबट्याला "जंगलातून भरकटलेला" म्हणणं मला पटत नाही. त्याचा संसार इथेच आहे, आणि गावातली मोकाट कुत्री हे त्यामागचं मोठं कारण आहे.

अर्थात हे सगळं परवानगीशिवाय करता येत नाही. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. संशोधनासाठी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, ते कार्यालय नागपूरला. तिथून पत्र आलं की ते स्थानिक वनविभागात दाखवायचं, मग वनपरिक्षेत्र, मग बीटचा, म्हणजे त्या छोट्या हद्दीचा, वनरक्षक. या उतरंडीत सगळ्यात महत्त्वाचा माणूस शेवटचा. कोणत्या ओघळीतून मादी पिल्लं घेऊन उतरते आणि कोणत्या वस्तीवरची माणसं आधी चहा देतात, ते वनरक्षकाला तोंडपाठ असतं. माझ्या बऱ्याच नमुन्यांच्या मागे एखाद्या वनरक्षकाचा पहाटेचा फोन आहे: "ताई, भरावावर ताजी आहे, ऊन चढायच्या आत या."

प्रयोगशाळेत आल्यावर वेग बदलतो. विष्ठेतला डीएनए इतका थोडा आणि तुटका असतो की त्यासाठी खोलीच वेगळी ठेवतात. जिथे पीसीआर करून डीएनएच्या कोट्यवधी प्रती बनवलेल्या असतात, त्या खोलीतून या खोलीत यायचं नाही. तिथला एक अदृश्य थेंब इथल्या सगळ्या नमुन्यांना तोच बिबट्या बनवून टाकेल. दर वेळी एक नळी मुद्दाम रिकामी, नमुन्याशिवाय चालवायची. तिच्यात काही दिसलं तर त्या दिवसाचं सगळं काम फेकून द्यायचं.

आधी प्राणी कोणता ते ठरतं. त्यासाठी मायटोकॉन्ड्रियातला डीएनए बघतात, कारण पेशीत त्याच्या शेकड्यांनी प्रती असतात आणि खराब नमुन्यातूनही तो हाती लागतो. कुत्रा, तरस, रानमांजर इथे गळतात. नंतर व्यक्ती ओळखायची. डीएनएवर काही जागा अशा असतात, जिथे दोन-चार अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. एका बिबट्यात ती चौदा वेळा आली असतील, तर दुसऱ्यात सतरा वेळा. प्रत्येक जागेवर एक आकडा आईकडून, एक वडिलांकडून. अशा दहा-बारा जागांचे आकडे ओळीने मांडले की त्या बिबट्याची ओळख तयार होते. या जागांची नावं बहुतेक एफसीएने सुरू होतात, म्हणजे फेलिस कॅटस, आपलं घरातलं मांजर. मांजराच्या जनुकनकाशासाठी १९९९ मध्ये या जागांची मोठी यादी प्रसिद्ध झाली. बिबट्या आणि मांजर इतके जवळचे, की मांजरासाठी बनवलेले प्रायमर, म्हणजे पीसीआरमध्ये नेमकी जागा पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे, बिबट्यालाही लागू पडतात. पोत्यावर झोपलेल्या मनीमुळे उसातल्या बिबट्याचं नाव कळतं, याचं मला अजून कौतुक वाटतं.

खरी कसोटी इथे असते. डीएनए थोडा असेल तर दोन आकड्यांपैकी एक कधीकधी उमटतच नाही. मग चौदा-सतरा असलेला बिबट्या चौदा-चौदा दिसतो आणि आपण एका प्राण्याचे दोन करून बसतो. मोजणी फुगते, नातीगोती बिघडतात. म्हणून प्रत्येक जागा, प्रत्येक नमुना पुन्हा पुन्हा चालवायचा आणि एकमत होईल तेवढंच धरायचं. पुष्कळ नमुने यात बाद होतात. गोदाकाठी थंडीत कुडकुडत गोळा केलेली नळी "निकाल नाही" म्हणून वहीत लिहिताना वाईट वाटतं, पण तिच्यातून ओढूनताणून आकडा काढणं म्हणजे बिबट्याच्या नावावर खोटी साक्ष देणं.

एका संध्याकाळी निफाडच्या एका भरावावरचा त्या हिवाळ्यातला नमुना आणि मागच्या हिवाळ्यातला नमुना पडद्यावर एकाखाली एक ठेवले. पहिल्या जागेचे आलेखातले उंचवटे जुळले, दुसरीचे जुळले, तिसरीला मी खुर्ची पुढे ओढली. शेवटपर्यंत सगळे जुळले. फक्त नरात असणाऱ्या वाय गुणसूत्राची खूण नव्हती, म्हणजे मादी. दोन हंगाम ऊस तुटला होता, मजुरांचे तांडे आले-गेले होते, जवळच पिंजराही लागला होता, आणि ती त्याच भरावावर होती. त्या काळात तिथून माणसावर हल्ल्याची एकही तक्रार नव्हती. वनरक्षकाला फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, "म्हणजे ती आपलीच आहे." त्या दोन नमुन्यांसाठी मी जेवढं राबले ते सगळं त्या क्षणी वसूल झालं.

आजींच्या प्रश्नाला वजन का आहे, ते आता सांगता येतं. जुन्नर भागात पकडलेले बिबटे मोठ्या प्रमाणावर दुसरीकडे सोडण्याचा कार्यक्रम २००१ च्या सुमारास झाला. त्याचा अभ्यास वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केला, तेव्हा दिसलं की माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते १७ वर गेले. जागा धरून बसलेला, माणसांची सवय असलेला प्राणी उचलला की ती जागा रिकामी राहत नाही. दुसरा येतो आणि उचललेला अनोळखी मुलखात बिथरतो. म्हणून हल्ला झाल्यावर जो अडकला तो तोच, असं धरून चालणं दोन्ही बाजूंनी महाग पडतं. खरा बाहेर राहिला तर पुन्हा कुणाचं तरी लेकरू जाऊ शकतं, आणि निरुपद्रवी आत गेला तर तो जन्मभर पिंजऱ्यात.

याचं उत्तर लाळेत असतं. दाताच्या जखमेवर, मानेवर, फाटलेल्या कपड्यावर बिबट्याची लाळ उरते. ती वेळेत टिपली आणि पिंजऱ्यातल्या प्राण्याच्या नमुन्याशी ताडून पाहिली, तर होय किंवा नाही सांगता येतं. अडचण शास्त्रापेक्षा त्या घडीची असते. घरात आकांत चाललेला असतो, जखम धुतलेली असते, रस्त्यावर लोक बसलेले असतात. जनावराच्या बाबतीत रात्रीतून कुत्री लागलेली असतात आणि लाळेत लाळ मिसळते. अशा घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा मृत मुलाच्या चुलत्याने मला हात जोडून एवढंच म्हटलं, "बाई, लवकर काय ते करा आन् त्याला झाकू द्या." त्या माणसासमोर संशोधन हा शब्द काढता येत नाही. आपलं काम होईल तितक्या लवकर आणि अदबीने आटपायचं असतं. हे कुठल्याही पदवीत शिकवत नाहीत आणि शिकवायला हवं असं मला मनापासून वाटतं.

ऊसतोडीच्या दिवसांत आणखी एक प्रकार हमखास होतो. फड तोडताना पाचटात पिल्लं सापडतात आणि बिबट्याची म्हणून फोन येतो. जाऊन बघावं तर कधी वाघाटी निघते. मुठीत मावतील अशी पिल्लं, अंगावर काळपट ठिपके, कपाळावर पांढऱ्या रेघा. पूर्ण वाढलेली वाघाटीही दीड किलोच्या आसपासच भरते. जगातल्या सगळ्यात लहान रानमांजरांपैकी ही एक, आणि ती फक्त भारत, श्रीलंका आणि नेपाळमध्ये आढळते. पिल्लं बिबट्याची असोत की वाघाटीची, ती उचलून घरी न्यायची नाहीत. क्रेटमध्ये घालून संध्याकाळी त्याच जागी ठेवली, माणसं लांब झाली, की बहुतेक वेळा आई येऊन एकेक करून घेऊन जाते. वाघाटीच्या जनुकांवर काम करणारे लोक फार थोडे आहेत. कुणी नाशिकची मुलगी किंवा मुलगा विषय शोधत असेल, तर तो तिच्या-त्याच्या बांधावरच आहे.

मला मात्र सध्या एक मोठा प्रश्न धरून बसला आहे. भारतातल्या बिबट्यांच्या जनुकांवरचा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे १२० ते २०० वर्षांपूर्वी बिबट्यांची संख्या ७५ ते ९० टक्क्यांनी घटली असावी, असा त्याचा अंदाज आहे. दुसरीकडे २०२२ च्या गणनेत देशात १३,८७४ आणि महाराष्ट्रात १,९८५ बिबटे असल्याचा अंदाज निघाला. गावात बसून पाहिलं तर "बिबटे वाढले" हेच खरं वाटतं आणि त्या भीतीला मी खोटं म्हणणार नाही. पण इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगरातला बिबट्या आणि निफाडच्या उसातला बिबट्या यांची सोयरीक चालू आहे का? ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग सिन्नर आणि इगतपुरी तालुक्यांतून गेला. कुंपणाच्या दोन्ही बाजूंची वीण तुटली तर ते आज दिसणार नाही, काही पिढ्यांनी दिसेल. कान्हा आणि पेंचमधल्या जंगलपट्ट्यातून वाघांची जनुकं इकडून तिकडे जातात, हे विष्ठेच्या नमुन्यांनीच दाखवलं. उसातल्या बिबट्यासाठी तसा जंगलपट्टा नकाशावर नाही. त्याची वाट ओढे, नाले, कालवे आणि आपली पिकं यांतूनच आहे. आजचे नमुने जपून ठेवले तरच पुढे कुणाला तुलना करता येईल.

नोकरीचं विचाराल तर खरं सांगते. कायम जागा मोजक्या आहेत, बहुतेक कामं प्रकल्पावर चालतात आणि प्रकल्प संपला की पुन्हा अर्ज. घरी पैसे पाठवायची घाई असेल त्याने हे आधी पारखून घ्यावं. पण हीच कौशल्यं घेऊन लोक न्यायवैद्यक प्रयोगशाळांत, पशुरोगनिदानात, पिकांच्या जनुकशास्त्रात काम करतात, त्यामुळे ही वाट आंधळी नाही. सुरुवात करायला बंगळुरू गाठायची गरज नाही. आपल्या बीटच्या वनरक्षकाला भेटा, ठसे ओळखायला शिका, सोबत संख्याशास्त्राचं पुस्तक उघडा.

या हिवाळ्यात मी नाशिकमध्ये आहे. वनरक्षकांना लाळेचा नमुना कसा घ्यायचा ते शिकवते आहे. हातमोजे, निर्जंतुक काड्या, बफरच्या नळ्या, पेन्सिल आणि पंचनाम्याला जोडायचा एक कागद, एवढं सामान प्रत्येक वनपरिक्षेत्राच्या गाडीत कायम असावं अशी माझी मागणी आहे. पहिला संच येत्या आठवड्यात निफाडकडच्या गाडीत ठेवणार आहोत.